दोन तारखा : प्रवासलेखांच्या फेरतपासणीच्या नोंदी

५ जानेवारी २०२६

सकाळी पहिलीच मेल एका वाचक बाईंची. घरच्यांबरोबर बालीला निघाल्या होत्या. पासपोर्टची मुदत संपायला साडेचार महिने बाकी होते. चेक-इन काउंटरवर त्यांना थांबवलं. इंडोनेशियात पोचण्याच्या दिवसापासून पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो. आमच्या प्रवाससाइटवरच्या लेखात मात्र ठाम शब्दांत लिहिलं होतं : ‘परतीच्या दिवसापर्यंत वैध असलेला पासपोर्ट पुरेसा आहे.’ बाकीचे सगळे गेले, या बाई एकट्या विमानतळावरून परत आल्या.

मेलमध्ये राग नाही, एक प्रश्न आहे. ‘लेखाखाली “अद्ययावत : २ डिसेंबर २०२५” असं होतं, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं नाही. त्या दिवशी तुम्ही काय तपासलं होतं?’

लेखाचा इतिहास उघडला. २ डिसेंबरला त्या लेखात मीच शिरले होते. एका शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, एक स्वल्पविराम हलवला आणि बाहेर पडले. खालची तारीख आपोआप बदलली. पासपोर्टचं वाक्य २०१९ पासून जसंच्या तसं होतं.

बाईंना घडलं तसं कळवलं आणि माफी मागितली. वाक्य दुरुस्त केलं. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

६ जानेवारी

आम्ही चौघं बसलो : मी, दोन लेखक आणि तांत्रिक बाजू सांभाळणारा सहकारी. साइटवर ३८६ लेख आहेत. प्रत्येकाखाली ‘अद्ययावत’ हा शब्द आणि तारीख. त्यातल्या किती तारखांना माहिती खरोखर तपासली होती, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येईना.

सहकारी म्हणाला, ‘ताई, तारीख ताजी दिसली की लेख शोधात वर येतो. ती काढली तर वाचक कमी होतील.’ त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण जी तारीख पाहून माणूस निर्धास्त होतो, तिच्यामागे काहीच नसेल तर ती त्याला फसवते, आणि लेखातल्या चुकीपेक्षा ते वाईट. चुकीची शंका तरी येते. तारखेने ती शंकाच काढून घेतली होती.

ठरलं ते असं. ‘अद्ययावत’ हा शब्द पूर्ण जाणार. त्याच्या जागी दोन तारखा येणार. एक ‘मजकुरात बदल’, ती यंत्रणेने खुशाल टाकावी. दुसरी ‘तपासलं’, ती फक्त हाताने भरायची आणि सोबत काय तपासलं, कुठे पाहून तपासलं हे लिहायचं. रकाना रिकामा असेल तर वाचकाला ‘तपासलेलं नाही’ असं स्पष्ट दिसेल.

मग प्रश्न आला, ‘तपासलं’ नेमकं कशाला लागू? लेखातला सगळा मजकूर एका वेगाने जुना होत नाही. एखादं चर्च कोणत्या शतकात बांधलं हे वर्षानुवर्षं बदलत नाही, तिकिटाची पद्धत वर्षभरातही बदलते. म्हणून व्यावहारिक माहिती (प्रवेशाच्या अटी, वेळा, बंद दिवस, वाहतूक) लेखाच्या ओघातून काढून स्वतंत्र चौकटीत ठेवायची. ‘तपासलं’ ही तारीख त्या चौकटीचीच. ओघातल्या वाक्यात वेळा आणि अटी पेरायच्या नाहीत, कारण तिथे त्या लपतात आणि कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

९ जानेवारी

प्रवेशाच्या अटींपासून सुरुवात. २०१९ मधलं ते वाक्य आलं कुठून? लेखकाने सांगितलं की तीन साइटींवर तेच होतं. त्या तिन्ही पुन्हा उघडल्या. शब्दरचना जवळजवळ एकच. म्हणजे एकाने लिहिलं आणि दोघांनी उचललं. आम्ही चौथे. यापुढे दुसरी प्रवाससाइट हा आधार धरायचा नाही, तिथे काही मिळालं तर ते फक्त शोधायची दिशा म्हणून. आधार म्हणजे त्या देशाचं इमिग्रेशन खातं किंवा दूतावास.

काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून काही होत नाही, याचं कारणही लेखात असायला हवं होतं. अटी पूर्ण न करणारा प्रवासी नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, अनेक देशांत दंडही बसतो. त्यामुळे बहुतेक कंपन्या टिमॅटिक या माहितीसंचात प्रत्येक देशाचे नियम पाहतात आणि तिथे जे लिहिलंय तेच धरतात.

दुसरं म्हणजे ‘सहा महिने’ हाही सगळीकडचा नियम नाही. युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन देशांत अट वेगळी आहे : तिथून निघण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर तीन महिने वैधता, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा. आमच्या एका लेखात शेंगेनचे ९० दिवस ‘दर सहा महिन्यांनी नव्याने मिळतात’ असं होतं. तेही चूक. कोणताही दिवस धरा, त्याच्या मागच्या १८० दिवसांत ९० हून जास्त मुक्काम नको, असा तो सरकता हिशोब आहे. कॅलेंडरची पानं मोजून तो लागत नाही.

युरोपच्या नव्या यंत्रणांवरचा लेखही सदोष निघाला. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी ईईएस १२ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली. ती टप्प्याटप्प्याने १० एप्रिल २०२६ पर्यंत सर्व सीमांवर आणायचं ठरलं आहे. एटियास, म्हणजे प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी, ही वेगळी गोष्ट, अजून सुरूच झालेली नाही, आणि ती व्हिसा न लागणाऱ्या पासपोर्टधारकांसाठी आहे. आमच्या लेखाने सरसकट सगळ्यांना ‘एटियास भरायला विसरू नका’ असं बजावलं होतं. ज्याला व्हिसा लागतो त्याला एटियास लागत नाही. एखादा वाचक या सल्ल्यावर एखाद्या बनावट साइटवर पैसे भरून बसला असता.

नियम वाचताना ‘हा कोणाला लागू?’ हे आधी विचारायचं. परक्या वाचकासाठी लिहिलेला मजकूर मराठीत आणताना हाच प्रश्न गळतो.

१४ जानेवारी

चलन आणि नावं. पटपट झालं. बल्गेरियात १ जानेवारीपासून युरो आला. ३१ तारखेपर्यंत जुनं चलन लेव्हही चालेल, पुढे नाही. क्रोएशियाच्या लेखात अजून कुना होता, तिथे युरो येऊन तीन वर्षं झाली. कझाकस्तानची राजधानी आमच्याकडे नूर-सुलतान. मार्च २०१९ मध्ये ते नाव आलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झालं. लेख त्या दोन्हींच्या मधला. स्वाझीलँडचं इस्वातिनी झाल्याला २०१८ पासून आठवं वर्ष लागलं, तेही सुधारलं.

२१ जानेवारी

आजचा दिवस एका लेखावर गेला, आणि जायलाच हवा होता.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं लिंडिसफार्न बेट. मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता भरतीत दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. आमचा लेख सुरेख आहे, लेखक खरोखर जाऊन आला होता. त्यात वाक्य असं : ‘सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच रस्ता खुला असतो, तेवढ्यात जाऊन यावे.’

लेखकाला फोन केला. म्हणाला, ‘मी पाटीवर वाचलं होतं.’ खरंच वाचलं असेल. पण ती त्या एका दिवसाची वेळ होती. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी कोरडा असलेला रस्ता आठवड्याने त्याच वेळी समुद्राखाली असतो. नॉर्थम्बरलँडची काउंटी कौन्सिल सुरक्षित वेळांचं तक्ता-पत्रक प्रसिद्ध करते, तारीखवार. इतके इशारे असूनही तिथे गाड्या पाण्यात अडकतात. रस्त्यालगत खांबांवर उभी केलेली एक खोली आहे, अडकलेल्यांनी चढून बसावं म्हणून. लेखात त्या खोलीचा ‘छान फोटो मिळतो’ एवढाच उल्लेख होता.

प्रत्यक्ष जाऊन पाहिलेली माहिती सर्वांत विश्वासाची, असं मी इतकी वर्षं धरून चालले. आजपासून त्याला एक पुरवणी. लेखकाने पाहिलं ते त्या दिवसाचं होतं. ‘असतो’ हे क्रियापद लिहिताना हात थांबला पाहिजे. ‘आम्ही गेलो त्या दिवशी खुला होता’ आणि ‘खुला असतो’ यांत माणसाच्या जिवाएवढं अंतर आहे. त्या लेखात आता कोणतीही वेळ दिलेली नाही. ‘निघण्याच्या दिवशी काउंटी कौन्सिलचं पत्रक पाहा, पाणी दिसलं तर रस्त्यावर उतरू नका’ एवढंच, पहिल्या परिच्छेदात.

भरती, हिमवादळ, नदी ओलांडणं, उंचीचा त्रास असे विषय असलेल्या लेखांची वेगळी यादी केली. २३ निघाले. हे आधी.

२ फेब्रुवारी

आकडे. गेले चार दिवस यातच गेले.

चीनच्या भिंतीची लांबी आमच्याकडे दोन लेखांत दोन. एकात सुमारे ८,८५० किमी, दुसऱ्यात २१,१९६. कोणता चूक? दोन्ही बरोबर. पहिला मिंग राजवटीच्या भिंतीचा, दुसरा सगळ्या राजवटींच्या भिंती आणि अवशेष धरून २०१२ मध्ये जाहीर झालेला. आकडा बरोबर असून वाक्य अपुरं होतं, कारण काय मोजलं ते लिहिलंच नव्हतं. एंजल धबधब्याचंही तसंच : ९७९ मीटर ही एकूण उंची, सरळ कोसळणारी धार ८०७ मीटर.

काही आकडे खरोखरच बदलतात. आयफेल टॉवर २०२२ मध्ये नव्या अँटेनामुळे ३२४ वरून ३३० मीटर झाला. एव्हरेस्टची ८,८४८.८६ मीटर ही उंची नेपाळ आणि चीनने मिळून डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केली. पिसाचा मनोरा १९९० ते २००१ बंद ठेवून थोडा सरळ केला, आमच्या लेखात अजून जुना साडेपाच अंशांचा कल. तो आता चारच्या आसपास आहे.

‘सर्वांत’ हा शब्द सगळ्या लेखांत शोधला आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं, हे कोण म्हणतं? उत्तर नसेल तर शब्द काढला. भिंत अंतराळातून दिसते हे वाक्य तीन लेखांत. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी २००३ मध्ये परतल्यावर आपल्याला ती दिसली नाही, असं सांगितलं होतं. तीनही ठिकाणांहून काढलं.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआवरचं वाक्य मात्र मनात राहिलं. ‘जगात सर्वांत शेवटी सूर्य मावळतो तो इथे.’ सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि तारीखरेषेच्या पलीकडे उडी मारली. २९ नंतर थेट ३१. एका रात्रीत तो देश दिवस शेवटी पाहणाऱ्यांतून आधी पाहणाऱ्यांत गेला. आमचा लेख त्यानंतरचा आहे, पण ज्यावरून लिहिला ते साहित्य आधीचं. शेजारचं अमेरिकन सामोआ अजूनही रेषेच्या अलीकडेच आहे. हे सगळं आता लेखात घातलं, आणि लेख आधीपेक्षा वाचनीय झाला. तपासणीने मजकूर कोरडा होतो ही भीती मला होती. इथे तरी उलटं घडलं.

१० फेब्रुवारी

फोटो. माल्टाच्या लेखावर मोठा फोटो अझुर विंडोचा, समुद्रातल्या त्या दगडी कमानीचा. ८ मार्च २०१७ ला वादळात ती कोसळली. फोटो ठेवला, फोटोओळीत तारीख आणि कोसळल्याची नोंद दिली. माणसं ती पाहायलाच जात होती.

हालस्टाटच्या तळ्याकाठच्या घरांचा फोटो विकतच्या संग्रहातून घेतला होता. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात २०१२ मध्ये याच ऑस्ट्रियन गावाची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली आहे. आमच्या फोटोतला डोंगर मूळ जागेशी जुळेना. नक्की कुठला ते ठरवता आलं नाही, म्हणून काढून टाकला. फोटो कोणी, कुठे, कधी काढला हे सांगता येत नसेल तर तो वापरायचा नाही.

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू खडकाच्या लेखात साखळी धरून चढणाऱ्या लोकांची रांग, खाली ‘हा अनुभव चुकवू नका’. २६ ऑक्टोबर २०१९ पासून तिथे चढणं बंद आहे. तो खडक तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांना पवित्र आहे आणि चढू नका अशी त्यांची विनंती त्याआधीही होती. म्हणजे लेख लिहिला तेव्हा चढायला परवानगी असली, तरी आम्ही त्या लोकांचं म्हणणं वाचकापर्यंत पोचवलं नव्हतं. ही चूक तारखेची नव्हे, आमच्या ऐकण्याची. पूर्ण लेख नव्याने लिहायला दिला आहे.

१९ फेब्रुवारी

युनेस्को. लेखकांच्या हातात हा शब्द फार सैल आहे. ‘युनेस्कोने जाहीर केलेली सात नवी आश्चर्यं’ पाच लेखांत सापडली. ती २००७ ची निवड एका खाजगी प्रतिष्ठानाची, लोकांच्या मतांवरची. आपला तिच्याशी संबंध नाही, असं युनेस्कोने तेव्हाच जाहीर केलं होतं. जागतिक वारसा यादी ही १९७२ च्या करारातून आलेली वेगळी गोष्ट, आणि तात्पुरत्या यादीत असणं म्हणजे त्या यादीत असणं नव्हे. शिवाय यादीतून नाव जातंही. ड्रेस्डेनची एल्ब नदीकाठची जागा २००९ मध्ये पुलामुळे गेली, लिव्हरपूलचं बंदर २०२१ मध्ये. आमच्याकडे दोन्ही अजून मानाने विराजमान होती.

२७ फेब्रुवारी

आज बैठकीत आवाज चढले. एका लेखकाने दोन वर्षांपूर्वी एका रिसॉर्टच्या खर्चाने मुक्काम करून लेख लिहिला होता. लेखात तसा उल्लेख नाही. त्याचं म्हणणं, ‘मी लिहिलंय त्यातलं एक अक्षर खोटं नाही.’ मी त्याच्यावर विश्वास ठेवते. पण फुकट राहिलेल्या माणसाला खोली कोणती दिली, त्याच्याशी कसं बोलले, हे पैसे भरून येणाऱ्या वाचकाच्या वाट्याला येईलच असं नाही. हे वाचकाला सुरुवातीलाच कळलं पाहिजे. ठरलं : मुक्काम, तिकीट किंवा सहल कोणी दिली असेल तर पहिल्या ओळीच्या आधी तसं लिहायचं, तळाशी बारीक अक्षरात नाही. जुने असे सात लेख निघाले. सातही ठिकाणी खुलासा घातला. तो लेखक अजून नाराज आहे.

९ मार्च

काल अमेरिकेत घड्याळं पुढे झाली, युरोपात २९ तारखेला होतील. या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पाचऐवजी चार तासांचा फरक. ‘वेळेतला फरक अमुक तास’ असं कायमचं वाक्य जिथे जिथे होतं तिथे महिने घातले.

याचंच भावंड म्हणजे ऋतू. न्यूझीलंडच्या लेखात ‘उन्हाळ्यात जावे’. कोणाच्या उन्हाळ्यात? तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. यापुढे ऋतूचं नाव एकटं लिहायचं नाही, महिने द्यायचेच.

बंद दिवसांबाबत ‘पॅरिसची संग्रहालयं सोमवारी बंद’ असं सरसकट होतं. ओर्से सोमवारी बंद असतं, लूव्र मंगळवारी. पाँपिदू केंद्राची इमारत तर सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, २०३० पर्यंत. आणि बोव्हेचा विमानतळ ‘पॅरिसमध्ये’ नाही. तो सुमारे ८० किमीवर आहे, रात्री उशिरा उतरणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

१८ मार्च

नावांचं लेखन. यावर आम्ही भाषेच्या अंगाने बरंच भांडलो, पण निर्णय वाचकाच्या पायांनी केला. नाव देवनागरीत उच्चाराप्रमाणे, म्हणजे एडिनबरा, लेस्टर, व्हर्साय, आणि पोलंडमधलं आपण ‘लॉड्झ’ लिहीत होतो ते वूच. पण स्टेशनवरच्या पाटीवर काय असेल? इटलीत फ्लॉरेन्सची पाटी फिरेन्त्से, व्हेनिसची व्हेनेत्सिया, जर्मनीत म्युनिकची म्युन्शेन. म्हणून लेखात एकदा स्थानिक नाव आणि मूळ स्पेलिंग द्यायचंच. व्हेनिसची दोन स्टेशनंही वेगळी सांगायची. मेस्त्रे मुख्य भूमीवर, सांता लुचिया कालव्यांच्या शहरात. हा गोंधळ आमच्याच लेखिकेचा झाला होता आणि तिने तो लेखात लिहिलाच नव्हता!

कार्ल बेडेकर या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन प्रवास-पुस्तिकाकारांची एक गोष्ट सांगतात. मिलानच्या कॅथीड्रलच्या पायऱ्या मोजताना त्यांनी खिशात वाटाणे ठेवले होते. दर वीस पायऱ्यांनी एक वाटाणा एका खिशातून दुसऱ्यात, आणि उतरताना मोजणी पुन्हा. लेखिकेला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘उतरताना परत मोजले, हे खरं.’

३१ मार्च

आजचा हिशोब. ३८६ पैकी २१४ लेख तपासून झाले. ३९ काढून टाकले, त्यांना आधारच नव्हता. उरलेल्या १३३ वर ‘तपासलेलं नाही’ असं लिहिलेलं दिसतं आहे. वाचक थोडे कमी झाले आहेत, सहकाऱ्याचा अंदाज खरा ठरला. दुरुस्त्यांचं स्वतंत्र पान सुरू आहे. तिथे आधीचं वाक्य, नवं वाक्य, तारीख, आणि कोणाच्या सांगण्यावरून. गुपचूप बदल बंद.

दुपारी बालीच्या बाईंची मेल आली. नवा पासपोर्ट काढून त्या मार्चमध्ये जाऊन आल्या. लिहितात : ‘तुमच्या चौकटीत “५ जानेवारी : फक्त पासपोर्टची अट तपासली” असं वाचलं. बाकीचं तपासलेलं नाही हे कळलं, म्हणून बाकीचं मी स्वतः पाहिलं. बालीत परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपिया शुल्क आहे, तुमच्या लेखात ते नाही.’

शुल्क १४ फेब्रुवारी २०२४ पासून आहे. ५ जानेवारीला मी त्यांनी दाखवलेलं तेवढं एक वाक्य दुरुस्त केलं होतं आणि बाकी लेख वाचलाही नव्हता. तो लेख त्या १३३ मध्येच पडून होता.

संध्याकाळी पूर्ण चौकट तपासली. दुरुस्तीच्या पानावर नोंद केली : बाली, पर्यटक शुल्काचा उल्लेख नव्हता, जोडला. वाचकाने कळवलं. पुन्हा पाहायचं : ३० जून. ईईएसच्या लेखासाठी १० एप्रिल.